आठवा चिरंजीव

अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम हे सात चिरंजीव आपण लहानपणी घोकले. आठवा आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर राहतो. ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका, फ्लेक्स’ अशी पाटी असलेल्या दुकानात, पंख्याखाली. त्याचे नाव फोटोशॉप सात. जन्म २००२ सालचा. त्याच्या बरोबरीची मुले इंजिनिअर झाली, बेकार झाली, त्यांची लग्ने ठरली आणि त्यांच्या पत्रिकाही यानेच छापल्या. हा अजून तसाच. सकाळी साडेनऊला उदबत्ती ओवाळली की कामाला लागतो.

मी पासपोर्ट फोटोसाठी गेलो होतो. दुकानाचे मालक काका पंचावन्नच्या पुढचे. त्यांच्या की-बोर्डवरची अक्षरे झिजून गेली आहेत. ‘क्यू’ तेवढा नवाकोरा आहे, कारण कंट्रोल-क्यू म्हणजे प्रोग्राम बंद करणे, आणि ते काम वीज जाते तेव्हा आपोआप होते. काकांनी माझा फोटो उघडला, पेन टूलने कडेकडेने माझी आकृती कापली, मागे निळा रंग ओतला, कानामागे उरलेला भिंतीचा तुकडा खरवडला आणि फोर बाय सिक्सच्या कागदावर माझी आठ डोकी ओळीने लावली. एवढ्या वेळात त्यांनी एकदाही पडद्याकडे निरखून पाहिले नाही. सगळा वेळ ते माझ्याशी पावसाबद्दल बोलत होते.

हीलिंग ब्रश नावाचे हत्यार याच सातव्या आवृत्तीत आले. डागाशेजारची चांगली कातडी उचलायची आणि डागावर पसरायची. त्याचे सामाजिक परिणाम कोणी अजून तपासलेले नाहीत. गेल्या वीसेक वर्षांत आमच्या तालुक्यातल्या एकाही भावी आमदाराच्या गालावर तीळ, मुरूम किंवा देवीचा व्रण शिल्लक नाही. लेयर तर १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासूनच होते. लेयर, पेन टूल आणि हीलिंग ब्रश एवढे हाताशी असल्यावर वाढदिवस, बारसे आणि भावपूर्ण श्रद्धांजली या संसाराला आणखी काय लागते?

काकांचा भाचा पुण्याला ‘यूएक्स’मध्ये आहे. यूएक्स म्हणजे काय, हे काकांनी त्याला तीनदा विचारले, तिन्ही वेळा उत्तर वेगळे आले. त्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन दुकानात बसला होता आणि मामाचा उद्धार करायचा त्याने चंग बांधला होता.

“मामा, हे म्युझियममध्ये ठेवायचं सॉफ्टवेअर आहे.”

खोटे नाही. १९९० साली आलेल्या फोटोशॉपच्या पहिल्यावहिल्या पिढीची संगणकी संहिता, सुमारे १,२८,००० ओळींची, कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने २०१३ मध्ये लोकांना बघायला खुली केली. नॉल आडनावाच्या दोघा भावांचे हे अपत्य. पहिली पिढी संग्रहालयात गेली म्हणून सातवीने पोटापाण्याचा धंदा सोडावा, हे मात्र काकांना पटले नाही.

“तुझं नवं चालवायला मशीन कसलं लागतं?” त्यांनी विचारले.

सातला १२८ एमबी मेमरी पुरत असे. नव्याला किमान ८ जीबी लागते. मी मनातल्या मनात भागाकार केला, तो बरोबर ६४ आला. चौसष्ट कला म्हणतात त्या याच असाव्यात.

“पण मामा, यात एआय आहे. तुम्ही नुसतं लिहायचं, चित्र तो काढतो.”

२०२३ पासून हे आले आहे, आणि ते थक्क करणारे आहे हे मी प्रामाणिकपणे सांगतो. भाच्याने आमच्या पुढारी साहेबांचा एक फोटो घेतला, मागची भिंत निवडली आणि इंग्रजीत लिहिले की मागे मोठा जनसमुदाय हवा. थोड्या वेळाने जनसमुदाय हजर. काकांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक चेहरा पाहिला.

“यातलं मतदार यादीत कोणी नाही,” ते म्हणाले. “आणि गर्दी माझ्याकडे आहे की.”

त्यांच्याकडे खरोखरच गर्दी आहे. ‘गर्दी फायनल २’ नावाची फाइल. २००९ च्या निवडणुकीच्या वेळी एसटी स्टँडवर काढलेला फोटो, आकाश कापून, कडा फेदर करून तयार ठेवलेला. तेव्हापासून ही गर्दी प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक सभेला गेली आहे. जिथे पक्ष फुटला तिथे ती दोन्ही गटांकडे गेली, आघाडी झाली तिथे सगळ्यांच्या मागे उभी राहिली. तिने कधी वडापाव मागितला नाही की ट्रकचे भाडे. इतका निष्ठावंत कार्यकर्ता चौसष्ट पट मेमरीतूनही निघायचा नाही.

यावर भाचा हसला, पण हार मानणारी ती पिढी नाही. “मामा, निदान एकदा हात तर फिरवून बघा.” काकांनी हात फिरवला. साहेबांचा चेहरा मोठा करायला सवयीने शिफ्ट दाबून कोपरा ओढला, आणि साहेब आडवे पसरले.

याचा इतिहास सांगायला हवा. वर्षानुवर्षे शिफ्ट दाबून चित्र ओढले की प्रमाण कायम राही. ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीत हे उलटे झाले: शिफ्ट न दाबता ओढले की प्रमाण टिकते, दाबले की बिघडते. इतर प्रोग्रामांत असेच नसते का, कशाला इतका आकांत, असे कोणी म्हणेल. पण फ्लेक्सच्या धंद्यात चेहऱ्याचा आकार हा घटनात्मक विषय असतो. राष्ट्रीय नेते वर गोलात, राज्यातले त्यांच्या खाली, साहेब उजवीकडे गुडघ्यापर्यंत, आणि तळाशी शुभेच्छुक स्टॅम्पएवढे. त्यात कोण कोणापेक्षा अर्धा इंच मोठा, यावरून पंचायत समितीचे सभापती बदललेले आहेत. काकांच्या करंगळीला हे सगळे पाठ आहे. त्या करंगळीला एक दिवस सांगायचे की आजपासून डावे ते उजवे!

त्याच आवृत्तीत कंट्रोल-झेडही बदलला. पूर्वी एकदा दाबले की केलेले रद्द होई, पुन्हा दाबले की रद्द झालेले परत येई. गेलेला माणूस पुन्हा पक्षात, पुन्हा बाहेर, पुन्हा पक्षात. आमच्या सार्वजनिक जीवनाला इतकी सोयीची कळ दुसरी नव्हती. नवा कंट्रोल-झेड दाबत राहिले की तो मागे मागेच जातो, इतिहासात शिरतो. आता त्याचीही सवय आपल्याला झालीच आहे म्हणा.

कंपनीने दोन्हींसाठी सेटिंगमध्ये एकेक चौकट दिली. तिच्यावर टिचकी मारली की जुनी रीत परत मिळते. इंग्रजीत या सोयीला ‘लेगसी’ म्हणतात. आपल्याकडे वडिलोपार्जित.

आता थोडे खरे बोलतो. जुन्या आवृत्तीचे भक्त तिच्या साधेपणाचे गोडवे गातात, ‘त्यात आत्मा होता’ म्हणतात. आत्मा असेल. पण आधी कुलपाकडे बघा. सातनंतर २००३ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून विंडोजवर अ‍ॅक्टिव्हेशन सुरू झाले: इंटरनेटवरून किंवा फोन करून कंपनीला कळवायचे, तिने होकार दिला तरच दार उघडायचे. त्याआधीचा सात हा भोळा सांब. नुसता नंबर वाहिला की प्रसन्न, मग तो नंबर कोणाचाही असो. काकांची सीडी मुंबईहून कोणीतरी आणलेली, वर मार्करने तोच नंबर लिहिलेला. ‘जुने ते सोने’ आपण मनापासून म्हणतो, कारण त्या सोन्याला आपल्याला मजुरीसुद्धा पडलेली नाही.

सात टिकून राहिला याचे दुसरे कारण मराठी आहे. सातला मराठीची जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले जुने फॉन्टच वापरावे लागले, आणि सगळ्या डीटीपीवाल्यांची बोटे त्यावर घडली. काकांच्या डिस्कवर वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि दशक्रियेची निमंत्रणे त्या फॉन्टात आहेत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्यांतला मजकूर बदलायला गेले की वधूपक्ष आणि वरपक्ष दोघेही रोमन अक्षरांचा चिवडा होऊन बाहेर पडतात. नव्या आवृत्तीत युनिकोड मराठी नीट लिहिता येते, फक्त योग्य सेटिंग सापडेपर्यंत ‘हार्दिक’मधला रफार भलतीकडे बसतो. शुभेच्छांचे सोडा, पण हार्दिक नीट लिहिता आले नाही तर धंदाच बंद.

आणि तिसरे, भाडे. मुंबईकरांना पागडी कळते: एकदा पैसे मोजायचे आणि नाममात्र भाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहायचे. फोटोशॉपची अशी कायमची विकत मिळणारी शेवटची आवृत्ती २०१२ ची. २०१३ पासून नवे फक्त भाड्याने. भाडे थांबले की घर बंद, भांडी आत. २०१९ मध्ये तर भाडे नियमित भरणाऱ्या काही गिऱ्हाइकांनाही कंपनीची पत्रे गेली की काही जुन्या आवृत्त्या वापरायचा परवाना आता उरलेला नाही, वापरत राहिलात तर तिसरीच मंडळी तुमच्यावर दावा लावू शकतील. २०२२ मध्ये पँटोन या रंग-कंपनीशी बिनसले, आणि जुन्या फायलींतले तिचे रंग काळे दिसू लागले. रंग परत हवे तर महिन्याला वेगळे पैसे. भिंतीवरचा डिस्टेंपरसुद्धा भाड्याचा निघाला. २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने कोर्टात आरोप केला की वर्षभराचा करार मध्येच सोडला तर केवढा दंड बसेल, हे गिऱ्हाइकाला धड सांगितले जात नव्हते.

हे सगळे मी काकांना समजावून सांगितले आणि त्यांच्या बाजूने बोलतो आहे असे मला वाटले. शेजारचा चहावाला म्हणाला, “काकांनी पागडी तरी कुठं दिलीय?” मग त्यानेच निकाल दिला की बारा वर्षे कोणी हटकले नाही तर कब्जा आपला.

भाच्याने लॅपटॉप मिटला. “मामा, तुमच्यानंतर हे कोण चालवणार?” काका म्हणाले, “मशीन गेलं तर जाईल. सीडी आहे.” सीडी आहे, पण भाच्याच्या लॅपटॉपला सीडी घालायची फट नाही.

निघताना त्यांनी परवाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दाखवला, दहा बाय आठ. ‘गर्दी फायनल २’ नेहमीप्रमाणे मागे उभी होती. एवढ्या मोठ्या आकारात ती मी पहिल्यांदाच पाहत होतो. उजवीकडून तिसरा, चौकटीच्या शर्टातला, एसटीची वाट बघून वैतागलेला माणूस मला ओळखीचा वाटला. तो मीच होतो. २००९ पासून मी तालुक्यातल्या प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक सभेला हजर आहे.

“काढतो की,” काका म्हणाले. “क्लोन मारला की दोन मिनिटांचं काम. पण तुमच्या जागी कोणीतरी उभं करावं लागेल. फ्लेक्स परवा लागायचाय.”

वाचकांपैकी कोणाला सार्वजनिक कार्याची हौस असेल तर एसटी स्टँडसमोर या. साधा शर्ट, चेहरा किंचित वर, आणि पक्ष कोणताही चालेल.