गाडी बाहेर, ट्रॉली आत

न्यू जर्सीत घर घेतलंत, वास्तुशांत झाली, सामानाची खोकी फोडून झाली. आता उरलं गॅरेज. दोन गाड्यांचं गॅरेज म्हणजे साधारण वीस फूट बाय वीस फूट जागा आणि सोळा फुटी दार. दादरला याहून कमी जागेत दोन पिढ्यांचे संसार झाले आहेत. इथे गाड्या ठेवायच्या असतात असं वाटत असेल, तर आधी गल्लीतून एक चक्कर मारून या. गाड्या बाहेर ड्राइव्ह-वेवर बर्फात उभ्या दिसतील. आत, कोरड्यात, गणपतीचं मखर, कपडे वाळत घालायची ट्रेडमिल, जादाचा फ्रीज आणि त्यात गेल्या चतुर्थीचे उकडीचे मोदक.

या पसाऱ्याला ‘माझं वर्कशॉप’ म्हणायचं असेल, तर मधोमध चाकांची, पाच-सहा खणांची टूल ट्रॉली उभी करावी लागते. लाल किंवा काळी. तिच्यामुळे घरातलं काही दुरुस्त होईल का, असं नवशिके विचारतात. होणार नाही. पण दुरुस्ती करू शकणारा माणूस इथे राहतो, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल. तेवढंच साधायचं आहे. पुढल्या पायऱ्या क्रमानं चढा.

१. आधी घरातून मंजुरी मिळवा.

यासाठी इतिहासाचा आधार घ्या. पालो आल्टोच्या ॲडिसन ॲव्हेन्यूवरच्या एका गॅरेजात ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन मित्रांनी १९३९ साली कंपनी काढली. भांडवल ५३८ डॉलर. त्या गॅरेजबाहेर आता सरकारी पाटी आहे. हा किस्सा रात्री ताटात भात पडत असताना सांगा. त्या दोघांनी ध्वनिलहरी निर्माण करणारं यंत्र बनवलं आणि डिस्नेनं ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठी त्याचे आठ नग विकत घेतले, हा भाग मात्र गाळा. ‘मग तू काय बनवणार आहेस?’ असा प्रश्न येतो. ५३८ डॉलरमध्ये आज एक बऱ्यापैकी ट्रॉली येते, रिकामी. समोरून ‘बघू’ एवढंच आलं, तरी ती मंजुरी समजा, गाडीची मागची सीट पाडा आणि निघा.

२. ट्रॉलीत ठेवायला हत्यारं आणा.

क्रम उलटा वाटतो? वाटू द्या. सध्या तुमची सगळी संपत्ती म्हणजे एक पक्कड, एक हातोडी, टोक झिजलेला स्क्रू-ड्रायव्हर आणि फर्निचरबरोबर फुकट आलेले षटकोनी पाने. बटर कुकीजच्या निळ्या डब्यात हे सगळं मावतं आणि वर सुईदोऱ्याला जागा उरते. एवढ्यावर पहिला खणही भरणार नाही. तेव्हा सव्वादोनशे नगांचा संच घ्या. नग मोजताना कंपनी स्क्रू-ड्रायव्हरचं एकेक टोक धरते. सांगताना तुम्हीही धरा.

संचातले बरेचसे सॉकेट इंचांत असतात. तुमच्या दारात टोयोटा, शेजारी होंडा, म्हणजे सगळा कारभार मिलिमीटरमध्ये. इंचांचे सॉकेट आयुष्यात लागणार नाहीत, त्यामुळे तेच सगळ्यांत चकचकीत राहतील. पाहुणे आले की तो खण उघडा.

आणि हे कुणाला सांगू नका: १९२० साली मिलवॉकीत जोसेफ जॉन्सन यांनी सुटी मूठ आणि सुटा सॉकेट अशी युक्ती काढली, तिच्यातून स्नॅप-ऑन उभी राहिली. पाच मुठी, दहा सॉकेट, आणि काम पन्नास पान्यांचं. हत्यारं कमी लागावीत म्हणून निघालेला शोध होता तो. आता त्याला सहा खण पुरत नाहीत.

३. जमिनीची ओळख करून घ्या.

माहितीपत्रकात एक हसरा माणूस ट्रॉली एका बोटानं ढकलताना दिसतो. तो गॅरेजात नसून स्टुडिओत आहे. ट्रॉलीला दोन चाकं स्थिर आणि दोन फिरती असतात, फिरत्यांना ब्रेक असतो, आणि तुमच्या गॅरेजच्या जमिनीला उतार असतो. बांधतानाच दिलेला, फुटाला साधारण एक अष्टमांश इंच. गाड्यांवरचा वितळलेला बर्फ आणि त्याच्याबरोबर रस्त्यावरचं मिठाचं पाणी दाराकडे वाहून जावं, हा हेतू. वीस फुटांत अडीच इंच. गाड्या बाहेर असल्यामुळे पाणी आत येतच नाही, मग ट्रॉलीच वाहते. ब्रेक न लावता तुम्ही चहाला गेलात, की ती सावकाश, आब राखून दाराकडे निघते, उंबऱ्याशी जराशी अडखळते आणि बाहेरच्या गाडीच्या बंपरला टेकून थांबते. वर्कशॉपमधली एक वस्तू अखेर गाडीपर्यंत पोचली, एवढं समाधान मानून घ्या.

शिवाय काँक्रीटला तडे वेडेवाकडे जाऊ नयेत म्हणून त्यात मुद्दाम कापलेली एक सरळ खाच असते. चाक तिच्यात उतरतं आणि रमतं. तेवढ्यानं भागलं नाही, तर वॉशर आहेच. नीट वाकून बघा, चुकून हातातून पडलेला नाण्याएवढा वॉशर. पुढचं चाक त्याला टेकतं आणि जागच्या जागी थांबतं. तुम्ही ढकलतच असता. आधी वरचा खण चार बोटं बाहेर येतो. मग वरच्या ट्रेमधला ग्रीसचा डबा मान टाकतो. शेवटी सव्वादोनशे नगांपैकी सगळ्यांत बारीक तेवढे ओळीनं घरंगळत दाराकडे जातात, कारण उतार त्यांनाही लागू आहे.

जाणकार सांगतात, चाकं मोठी घ्या, पाच इंची; लहानसहान अडथळे ओलांडून जातात. अगदी खरं आहे. बंपरपर्यंतही लवकर जातात.

४. खण लावा. मग पुन्हा लावा.

इथे सावकाश चला. आयुष्याचे शनिवार-रविवार इथेच जायचे आहेत.

बाजारात दोन रंगांचा फोम मिळतो, वर काळा, खाली लाल किंवा पिवळा. प्रत्येक हत्यार त्यावर ठेवायचं, भोवती पेननं रेघ मारायची, पातळ पात्याच्या सुरीनं ती कापायची आणि बोटानं आतला थर उचकटून काढायचा. हत्यार खोबणीत बसलं की शोभतं. नसलं की खालचा भडक रंग ओरडून सांगतो. एका खणाला एक दुपार लागते. सगळं बसलं की नवा पाना विकत घ्या. त्याला जागा नसते. फोम फेकून पहिल्यापासून सुरुवात करा.

कुणी टोकलंच तर जपानी कारखान्यांतल्या ‘फाइव्ह एस’चं नाव घ्या. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके: नको ते काढा, हवं ते मांडा, पुसा, नियम ठरवा, नियम पाळा. तिथे हे सगळं झालं की पट्ट्याच्या टोकाला एक गाडी तयार होऊन बाहेर पडते. तुमच्याकडे पट्टा नाही, तेव्हा तिसऱ्या ‘सेइसो’शी थांबा आणि पुसत बसा.

एक खास सूचना दहा नंबरच्या सॉकेटबद्दल. जपानी गाड्यांत बॅटरीची टोकं सोडवण्यापासून पुढे जिथे तिथे दहा मिलिमीटरचाच नट असतो. म्हणून तो सर्वांत जास्त लागतो, आणि सर्वांत आधी हरवतो. इंजिनच्या पोटात पडतो, पँटच्या खिशातून ड्रायरमध्ये जातो. त्याची खोबण मन लावून, नेटकी गोल कापा. ती रिकामीच दिसणार आहे.

लेबलं चिकटवायची असतील तर इंग्रजीत चिकटवा. मुलांना वाचता यायला हवीत. त्यांच्याकडून ‘बाबांचा टेप कुठे गेला’ याचा जबाब घेताना कामाला येतात.

५. एका वेळी एकच खण उघडा.

भरलेले खण सगळे एकदम ओढले की वजन पुढे येतं आणि ट्रॉली तोंडघशी पडते. समोर तुमचा पाय असतो. जड हत्यारं खाली, हलकी वर. मोजून एक खरा सल्ला द्यायचा ठरवलं होतं, तो हा. छापील सूचनांतही असतो, पण त्या तुम्ही फोमखाली अंथरल्या आहेत.

६. वरचा पृष्ठभाग मोकळा ठेवायच्या फंदात पडू नका.

ट्रॉलीचा वरचा ट्रे कंबरेएवढ्या उंचीवर असतो आणि घराच्या दारापासून दोन पावलांवर. आठवड्याभरात तिथे कागदी टॉवेलांचा गठ्ठा, वीस पौंडी आट्याची गोणी, शाळेतून आलेला मातीचा ज्वालामुखी आणि परत करायच्या वस्तूंची पिशवी येऊन बसते. विरोध करू नका. ट्रॉलीला हात न लावण्याचं याहून सभ्य कारण तुम्हाला मिळणार नाही: ‘आधी ते वरचं कोणीतरी आत नेऊन ठेवा, मग बघतो नळाचं.’

उन्हाळ्यात मंडळी जमली की मात्र सगळं खाली उतरवून ट्रे पुसा. त्यावर पावभाजीचं मोठं पातेलं, दुसऱ्या बाजूला कांदा-लिंबू, वरच्या खणात चमचे. ढकलत ड्राइव्ह-वेवर न्या. चाकांचा, खणांचा, उतारासकट गॅरेजचा पूर्ण उपयोग होतो तो एवढ्या एका संध्याकाळी. कुणी ना कुणी विचारेलच, ‘कुठून घेतलीस रे?’

७. वडील येण्याआधी तयारीत राहा.

ते मे महिन्यात येतात आणि ऑक्टोबरपर्यंत राहतात. भोसरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये उभी हयात गेलेली असते. पहिल्या दिवशी ते ट्रॉलीभोवती हात मागे बांधून एक फेरी मारतील, एक खण उघडतील, पाना उचलून वजन जोखतील, परत त्याच्या खोबणीत ठेवतील. मग एवढंच विचारतील, ‘अरे, यातलं वापरतोस काय काय?’

उत्तर देऊ नका. त्यांना आत चहाला बोलवा. दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना ते निळा डबा शोधतील, पक्कड आणि जुन्या बनियनचं फडकं घेतील, नळाचा वॉशर बदलतील. ‘नळ गळायचा थांबला,’ ही बातमी जेवणाच्या टेबलावर येईल तेव्हा चेहरा कोरा ठेवा आणि विषय मुलांच्या गणिताकडे न्या.

८. खंडेनवमी पाळा.

नवरात्राच्या नवव्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. कारखान्यात यंत्रांना, सुताराच्या घरी करवत-रंध्याला झेंडूचं फूल, हळद-कुंकू, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. ही प्रथा इथेही सहज पाळता येते. ट्रॉलीच्या मुठीला झेंडूची माळ बांधा, प्रत्येक खणावर कुंकवाचं बोट ओढा. काम बंद ठेवण्याचा नियम तर तुम्ही उरलेले ३६४ दिवसही पाळता. इतकी कडक निष्ठा भोसरीतही सापडायची नाही.

९. गाडी बिघडली की मेकॅनिककडे न्या.

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, तर घाई करू नका. आधी ट्रॉलीचा एखादा खण पुन्हा लावून बघा, बरं वाटतं. दिवा जात नाही असं दिसलं की मेकॅनिकची वेळ घ्या. त्याच्याकडेही ट्रॉली असेल, पोचे पडलेली, तेलकट, एक खण कायमचा अर्धा उघडा, फोम कुठेच नाही. तिच्याकडे टक लावून बघू नका, माणसं मनाला लावून घेतात. दहा नंबरचा सॉकेट तो शर्टाच्या खिशातून काढेल. काम चालू असताना मागे उभे राहून मधूनमधून ‘हं’ म्हणा. बिल भरताना मात्र फोन काढा आणि त्याला तुमच्या खणांचे फोटो दाखवा. सगळे दाखवा, मागे पुढचं गिऱ्हाईक उभं असलं तरी.