श्वानांचे वतन

उद्यानांची हौस आमच्या नगरास नवी नाही. निजामशाहीच्या अमदानीत, १५८३ च्या सुमारास, विस्तीर्ण तळ्याच्या मधोमध फराहबागेचा महाल पुरा झाला. आणि १९४२ पासून भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असलेल्या पंडित नेहरूंनी तेथील दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली जमीन भर उन्हात खणून फुलांचे वाफे सिद्ध केले, तेव्हा बाग करण्यास स्वातंत्र्य नव्हे, कुदळ लागते, हेही निर्विवाद ठरले. सुलतानांनी तळे खणले, कैद्याने वाफे खणले. आम्हां स्वतंत्र नागरिकांच्या वाट्यास पाटी रोवण्यापुरते दोन खड्डे आले.

आमच्या वसाहतीतील उद्यानाच्या फाटकावर अशी एक पाटी आहे. फुले तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, शांतता राखावी, आणि सर्वांत खाली, तांबड्या अक्षरांत, पाळीव प्राणी आत आणण्यास सक्त मनाई आहे. या फर्मानाची अंमलबजावणी इतकी कडक, की लस टोचल्याचा दाखला खिशात, पट्टा हातात आणि लॅब्रॅडॉर पुढ्यात घेऊन आलेल्या सेवानिवृत्त गृहस्थास पहारेकरी फाटकातच अडवितो. आणि ही हुज्जत चालू असता त्याच्याच पायांमधून एक पट्टाहीन, दाखलाहीन, कुलगोत्रहीन श्वान संथपणे आत जाऊन फिरावयाच्या वाटेवर आडवा पसरतो. पाटीचा त्याच्याशी काय संबंध? तो पाळीव नाही.

त्याचा हा हक्क केवळ वहिवाटीचाही नव्हे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या श्वानास नसबंदी व लसीकरणासाठी उचलले, तरी ज्या जागेवरून उचलले त्याच जागी परत आणून सोडावयाचे असते. आमच्या सातबारांवर बोजे चढतात, वारसांच्या नोंदी वर्षानुवर्षे तहकूब राहतात. इतक्या निःसंदिग्ध शब्दांत मूळ जागेचा ताबा परत देणारे वतन आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

शिवाय शांततेचे कलम त्या उद्यानात पाळतो तो तोच. प्रातःकाळी हास्यक्लबाचे सभासद सामुदायिक गडगडाट करीत असतात, बाकांवर महापालिकेच्या तिकिटांचे वाटप मोठ्या आवाजात निकालात निघते, कोणाच्या खिशातील भ्रमणध्वनी भजन म्हणत असतो. वतनदार मात्र कानही न टवकारता निजलेला असतो. (रात्री तो दरबार भरवितो, पण तेव्हा उद्यान बंद असते.)

नेवासे तालुक्यातील देवगडी दत्तभक्तांची रीघ लागते. साक्षात दत्तात्रेयांनी चार श्वानांसह आमच्या उद्यानात फेरफटका करावयाचे मनात आणले, तर पहारेकऱ्याची पंचाईत होईल असे वाटते; पण होणार नाही. चित्रांत त्या श्वानांच्या गळ्यात पट्टा दिसत नाही, सबब त्यांचा प्रवेश निर्वेध.

एका बाजूची वाट पट्टा बांधलेल्या कुत्र्यांसाठी राखून ठेवावी, विष्ठा उचलण्याची सक्ती धन्यावर करावी आणि न उचलणाऱ्यास दंड करावा, अशी सूचना वसाहतीच्या सभेत निघाली असता, कुत्र्यांमुळे उद्यान घाण होईल, या सबबीवर ती फेटाळली गेली. ठराव लिहून घेणाऱ्या चिटणिसाच्या खुर्चीखाली त्या वेळी कोण निजले होते, हे इतिवृत्तात आलेले नाही.

ज्या वाचकांस आपल्या कुत्र्यास उद्यान दाखवावयाचे आहे, त्यांनी अर्ज करण्यात कालापव्यय करू नये. फाटकापाशी पट्टा सोडावा. तो आत जाईल. आपण तिकीट काढावे.