विषय हार्डवेअर

सीईटीचा निकाल लागून कॅप राउंड सुरू झाले की कोल्हापुरात रॅमभाऊचा सीझन चालू होतो. पोराला गोकुळ शिरगावला केआयटीत सीट मिळो नाहीतर कसबा बावड्याला डी. वाय.ला, लॅपटॉप घ्यावा लागणार, आणि लॅपटॉप घ्यायचा म्हणजे आधी रॅमभाऊला विचारावं लागणार. हे त्याचं बारशाचं नाव नव्हे, ते आता फक्त आधार कार्डावर उरलंय. मंगळवार पेठेत त्याला रॅमभाऊ म्हणतात. शाहूपुरीत, राजारामपुरीत वेगळं काही म्हणत असतील, माणूस तोच. वय तिशीच्या अलीकडंपलीकडं, पाठीला सॅक, सॅकमध्ये बारक्या स्क्रू-ड्रायव्हरांचा संच, पेन ड्राइव्ह, रंगाचा ब्रश आणि एक खोडरबर. पोटापाण्याला तो उद्यमनगरात सीएनसी मशिनवर तरी असतो, नाहीतर कुणाच्या तरी फौंड्रीची बिलं लिहितो. त्याच्या पगाराचा आणि कॉम्प्युटरचा काडीचा संबंध नसतो, आणि लोकांचा विश्वास नेमका त्यावरच बसलेला असतो. पैसे घेऊन सांगणाऱ्याचं आम्ही ऐकून घेतो. फुकट सांगणाऱ्याचं ऐकतो.

पोराचा बाप बजेट सांगायला तोंड उघडतो तोवर रॅमभाऊचा हात वर जातो.

"पैशाचं नंतर. त्याच्यावर करणार काय, ते सांगा."

हा प्रश्न बापाला सिलॅबसच्या बाहेरचा वाटतो. "इंजिनिअरिंग."

"ब्रँच?"

"मेकॅनिकल."

"म्हणजे कॅडचं काम. सोळा जीबी रॅमच्या खाली बोलायचं न्हाई."

पोरगं हळूच म्हणतं, "ग्राफिक कार्ड पण पायजे. सर म्हणालेत."

"सर म्हणालेत का व्हॅलोरंट गेम म्हणालंय?"

पोरगं स्वतःच्या चपलांकडं बघायला लागतं. पण गंमत म्हणजे ग्राफिक कार्ड रॅमभाऊ यादीत घालतोच. तो पोरांच्या बाजूचा आहे. फक्त खोटं बोललेलं त्याला खपत नाही.

त्याला खरा बघावा तो दुकानात. विक्रीला उभा असलेला मुलगा पाठ केल्यासारखं म्हणतो, "आय फाइव्ह आहे सर, एकदम टॉप." रॅमभाऊ खुर्ची ओढून घेतो. "आय फाइव्ह २००९ पास्नं येतंय, भावा. नुसतं आय फाइव्ह म्हणजे नुसतं पाटील म्हटल्यागत झालं. कुठलं पाटील?" मग तो खोक्यावरचं बारीक अक्षर बापाला वाचायला लावतो. १२३५यू. पहिले दोन आकडे पिढीचे, म्हणजे बारावी. शेवटचा यू म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी पुरवून वापरणारा. तिथं एच असता तर जोर जास्त, पण मशिन तापलं असतं आणि चार्जर विटेएवढा आला असता. पलीकडं रायझन मांडलेला असतो, ७५२०यू. तिथं तो तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवतो. "पहिला आकडा लोकांसाठी असतोय, तिसरा आपल्यासाठी. दोन हाय म्हणजे आत झेन २, २०१९ ची रचना. खोकं तेवढं नवं." डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलनं नव्या प्रोसेसरच्या नावातला 'आय' काढून टाकला आणि 'कोअर अल्ट्रा' असं बारसं केलं, तेव्हा रॅमभाऊ चार दिवस कुणाशी धड बोलला नाही. इतक्या वर्षांची पेठेची साक्षरता पाण्यात गेली म्हणाला.

त्यानंतर येतो त्याचा हुकमी प्रश्न: रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये बसवलेली? विक्रीवाला मुलगा मॅनेजरला बोलावतो, मॅनेजर कुणाला तरी फोन लावतो. तोवर रॅमभाऊ बापाला समजावतो की सोल्डर केलेली असली तर आज आठ घेऊन पुढच्या दिवाळीला सोळा करू हा बेत विसरायचा. स्लॉट असला तरच दुसरी पट्टी बसते, आणि तिथंसुद्धा डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ चालत नाही, खाचच वेगळी असते. बाप मान हलवत असतो. दीड तास हे चालतं. शेवटी बाप शेजारचाच लॅपटॉप घेतो, कारण त्याच्यावर बॅग आणि माऊस फ्री असतो.

त्याच रात्री अकराला फोन. "भावा, फसलो रं! ५१२ सांगून ४७६ दिलंय."

हा फोन येणार हे रॅमभाऊला माहीत असतं, म्हणून तो जागाच असतो. कंपनी हजाराच्या हिशेबानं जीबी मोजते, विंडोज १०२४ च्या हिशेबानं. डिस्क तेवढीच, मोजणारी दोन. टेराबाइटची घेतली असती तर ९३१ दिसलं असतं. बाप सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, "ते खरं. पण छत्तीस गेलं कुठं?" गंगावेशीत समोर काढलेली म्हशीची धार पिणाऱ्या गावाला हा हिशेब पटवणं सोपं नाही. रॅमभाऊनं आता तो नाद सोडलाय. "विंडोजनं खाल्लं," म्हणतो आणि फोन ठेवतो.

जुना लॅपटॉप घ्यायचा असला तर मात्र त्याच्यासमोर विकणाराही चळचळ कापतो. तो काळी खिडकी उघडून 'पॉवरसीएफजी' आणि पुढं 'बॅटरीरिपोर्ट' टाइप करतो. त्यातून निघालेल्या पानावर बॅटरी नवी असताना किती मावत होतं आणि आता किती मावतं, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले असतात. पन्नास हजारांच्या खाली एकतीस हजार दिसलं की तो काही बोलत नाही, नुसतं विकणाऱ्याकडं बघतो. भाव आपोआप उतरतो.

हट्टी आहे, हे मान्य करायला पाहिजे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला रामराम केला, त्याच्या आधी सहा महिने हा घरोघर फिरून पिढ्या विचारत होता. विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते. "आमच्या लॅपटॉपला झालंय काय?" असं लोक विचारायचे. "झालं काय न्हाई. सातवी पिढी हाय." चालतं मशिन कशाला हलवायचं, असं माझंही मत होतं, आणि थोडं अजून आहे. पण सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या मशिनवर लोक बँकेचे व्यवहार करणार म्हटल्यावर त्याला झोप लागत नव्हती. त्यानं गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं. मशिनं पळायला लागली, आणि म्हातारे पत्त्यांचा डाव कुठं गेला म्हणून त्याच्या दारात उभे राहिले.

दुरुस्तीचं त्याचं शास्त्र साधं आहे. आधी विचारायचं, "बंद पडायच्या आधी काय केलासा?" यावर अख्ख्या जिल्ह्यात एकच उत्तर मिळतं: "काहीच न्हाई." मग चार्जर काढायचा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, सोडायचं, पुन्हा लावायचं. एवढ्यावर उठला तर ठीक. नाहीतर बॅटरी सोडवून रॅमची पट्टी बाहेर काढायची आणि तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचा. त्यानं मशिन चालू झालं की घरातली माणसं जरा नाराजच होतात. एवढ्या महागाच्या वस्तूला दोन रुपयांच्या खोडरबरानं बरं वाटावं, हे कुणाला रुचत नाही.

पंखा साफ करायचा असला की तो मिसळणाचा डबा मागतो. लॅपटॉपचे स्क्रू दिसायला सारखे, पण लांबी वेगळी. आखूड स्क्रूच्या जागी लांब पिळला तर वरच्या बाजूनं बाहेर येतो, नाहीतर बोर्डात घुसतो. म्हणून सात वाट्यांचा डबा. घरातल्या वहिनी देत नाहीत. तो अडून बसतो. शेवटी कोरडा केलेला जुना डबा मिळतो, आणि त्याच्यात हळद इतकी मुरलेली असते की आमच्या गल्लीतला लॅपटॉप उघडला की पिवळ्या स्क्रूंवरून कुणी उघडला होता ते कळतं. जाळीतून गादीच्या कापसाचा लगदा निघतो. झाकण लावून तो प्रोसेसरचं तापमान मोठ्यानं सांगायला लागतो: "शहात्तर... ब्याऐंशी... एक्क्याण्णव. इशारा पातळी ओलांडली." दर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचे आकडे ऐकत मोठ्या झालेल्या गावाला वेगळं सांगावं लागत नाही, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं.

"धोका कितीला?" गल्लीतले आबा विचारतात.

"शंभरला. तिथं त्यो स्वतःच वेग कमी करतोय."

"मग माणसं हलवायची का?"

पुराची गोष्ट निघाली की मात्र त्याची चेष्टा थांबते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर तो दारोदार एकच सांगत फिरला, भिजलेला लॅपटॉप चालू करून बघू नका. बहुतेकांनी बघितलेलं होतं. काहींनी तांदळात पुरून ठेवलेले. त्यातनं जेवढ्या डिस्क वाचल्या तेवढ्यांतले लग्नाचे फोटो त्यानं काढून दिले. हे सगळं यूट्यूब बघून शिकलास का, असं कुणी विचारलं तर त्याला राग येतो. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ दाखवतो. बाबूराव पेंटरांनी इथं कॅमेरा घडवला, तेव्हा कुठलं यूट्यूब होतं?

परवाचीच गोष्ट. समोरच्या काकूंच्या लेकाचा लॅपटॉप, स्क्रीन काळी ठार. लेक पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. तो नेमका दूध आणायला गेलेला. रॅमभाऊनं स्क्रू-ड्रायव्हर काढलाच नाही. कॅप्स लॉक दाबलं, दिवा लागला; पुन्हा दाबलं, विझला. "जिवंत हाय." मग मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा मारला. काळ्या काचेत आयकॉन पुसट दिसले. "चित्र येतंय. मागचा उजेड गेलाय तेवढा." खात्रीसाठी त्यानं टीव्हीची एचडीएमआय वायर काढून लॅपटॉपला लावली.

बेचाळीस इंची पडद्यावर उघडं असलेलं पत्र आलं. विषय: राजीनामा.

काकू चष्मा शोधायला लागल्या. रॅमभाऊनं वायर उपटली, पण वेळ गेली होती. "विषय डिस्प्लेचा हाय, काकू," तो सॅक भरत म्हणाला, "बाकी मला काय दिसलं न्हाई."

"मला दिसलं की," आबा कोपऱ्यातून म्हणाले. "तारीख पुढच्या एकची हाय."

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. रॅमभाऊ मागच्या दारानं निघाला.