वर्गणीचा युरो

नारायणगाव ते मंचर या पट्ट्यातल्या प्रत्येक गावात एक तरी माणूस असा असतो, की ज्याच्याकडे गावाचे पैसे बिनपावतीचे ठेवता येतात. यात्रेची वर्गणी त्याच्याकडे, गणपतीची त्याच्याकडे, सप्त्यातल्या पंगतीचा शिधाही त्याच्याच नजरेखालून जातो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. तिथे गावाची सुपारी द्यायला चार-पाच कारभारी जातात, त्यांत बोलणारे वेगळे असतात. हा कोपऱ्यात बसून चहा पितो आणि सगळ्यांचं बोलून झालं की एक आकडा सांगतो. तो आकडा फडमालकाला आवडत नाही, गावकऱ्यांनाही आवडत नाही, आणि व्यवहार त्याच आकड्याला ठरतो.

जुन्नरच्या मातीत हा माणूस फार जुना आहे. नाणेघाटाच्या तोंडाशी जो दगडी रांजण आहे, त्यात सातवाहनांच्या काळी जकातीची नाणी टाकत, असं आजही तिथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं. रांजणाशेजारी जो बसत असेल तो याच्याच भावकीतला असणार.

तर या खजिनदाराला मित्र युरोपला घेऊन जातात. घेऊन जातात हे म्हणायला. खरं म्हणजे त्याच्याशिवाय कुणी निघतच नाही. शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यासदौऱ्याला सरकारचं अनुदान असतं, पण त्यात नंबर लागायची वाट पाहण्यात दोन हंगाम गेलेले असतात. मग द्राक्षाची एप्रिल छाटणी उरकते, काड्या फुटायला लागतात, आणि सहाजण स्वतःच्या पैशाने जायचं ठरवतात. चार द्राक्ष-टोमॅटोवाले, एक आंबेगावातल्या सातगाव पठारावरचा बटाटेवाला आणि एक शाळेतले गुरुजी. व्हिसाच्या ९० युरो फीपासूनच खजिनदाराची डायरी उघडते. ही डायरी खताच्या दुकानातून फुकट मिळालेली असते आणि तिच्या प्रत्येक पानावर तळाशी एखाद्या बुरशीनाशकाचं नाव असतं.

त्याची मोजणीची पद्धत साधी आहे. युरो म्हणजे शंभर रुपये धरायचे आणि त्या रुपयांचे टोमॅटोचे क्रेट करायचे. अडचण एवढीच, की क्रेट स्थिर नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडला होता. त्या भावाने बघितलं तर ॲमस्टरडॅमच्या म्युझियमचं तिकीट म्हणजे एक क्रेट, फार तर सव्वा. पण हे लोक मेच्या पहिल्या आठवड्यात तिथे आहेत, घरून फोन येतो की आज साडेतीनशेने गेला, आणि त्याच तिकिटाचे सहा-सात क्रेट होतात. युरोपातली महागाई नारायणगावात ठरते, हे अर्थशास्त्र त्याने पॅरिसमध्येच मित्रांना पटवून दिलेलं असतं. त्यामुळे फोन वाजला की सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. भाव चढला तर दुपारी कॉफी मिळणार, उतरला तर पिशवीतला चिवडा आहेच.

शेवटचा दिवस उजाडतो तो हॉटेलच्या काउंटरवर. ॲमस्टरडॅम महापालिका खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटक कर घेते. युरोपातल्या चढ्या दरांत त्याची गणना होते. खजिनदाराला टक्क्याचं काही वाटत नाही. बाजार समितीत उभं आयुष्य गेलेल्या माणसाला कपातीचं काय वाटायचं? तो फक्त विचारतो, "हमाली, तोलाई यात धरलीय का वेगळी?" गुरुजी याचं इंग्रजी करायला नकार देतात.

मग बॅगा. विमानात तेवीस किलो चालतं. मित्रांनी वजनासाठी हुकाचा छोटा काटा आणलेला आहे, पण खजिनदार काट्याला हात लावत नाही. रोज वीस किलोचा क्रेट उचलणारा माणूस तो. बॅग कोपरापर्यंत उचलतो, खाली ठेवतो आणि सांगतो, "साडेचोवीस. चॉकलेट काढ." काट्यावर चोवीस पॉइंट चार भरतं. बाकीचे शंभर ग्रॅमवरून त्याची थट्टा करतात, तेव्हा तो म्हणतो की आडत्याकडे एवढी घट धरतातच.

विमान रात्रीचं. अख्खा दिवस हातात आहे, आणि अशा दिवशी इतर पर्यटक राहिलेलं सगळं बघून घ्यायला धावतात. खजिनदाराचं उलटं. त्याच्या मते पैसे दिलेलं एक सोडून सगळं बघून झालंय, आता फुकटचं बघायचं. फुकटचं म्हणजे कालवे. सतराव्या शतकात खोदलेलं हे कालव्यांचं कडं २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. पुलाच्या कठड्याला टेकून सहाही जण पाण्याकडे बघत राहतात आणि त्यांच्या मनात जे येतं ते जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पर्यटकाच्या मनात येत नसेल. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. एवढी धरणं उशाशी असून उन्हाळ्यात आवर्तन सुटायची वाट बघणारी ही माणसं.

"कायम भरल्याला असतो?"

"कायम."

"आन् टेलला कोण बसलंय?"

गुरुजी सांगतात की टेलला समुद्र आहे, आणि इथली अडचण पाणी मिळवायची नसून बाहेर काढायची आहे. विमानतळसुद्धा समुद्रसपाटीच्या खाली आहे. यावर बराच वेळ कुणी बोलत नाही. मग एकजण कुकडीच्या टेलचे तालुके आठवून म्हणतो, "यांना श्रीगोंदा-करमाळा लावून दिला पायजे शेजारी."

स्टेशनाजवळ आल्यावर दोघांना स्वच्छतागृहात जायचं असतं. दारात नाणं टाकायचं यंत्र. हा खर्च कॉमनमधून की ज्याचा त्याचा, हा वाद पॅरिसपासून चालू आहे. खजिनदाराचा निकाल असा की दिवसाला एकदा कॉमन, पुढचं स्वखर्चाने. गुरुजींना इथे इतिहास आठवतो. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे, आणि चिट नावाच्या दुसऱ्याने संघाला भोजनमंडप दिल्याचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडून आलेल्या किंवा त्या वंशाच्या माणसांनी जुन्नरात पाण्याची आणि जेवणाची सोय स्वतःच्या पैशाने केली होती. खजिनदार हे नीट ऐकून घेतो. "म्हणजे तवा त्यांनी दिले, आता आपून देतोय," म्हणतो आणि नाणं काढतो. तेवढ्यापुरता नियम शिथिल होतो.

एकाच तिकिटाचे पैसे आधी भरलेले आहेत, ते व्हॅन गॉग म्युझियमचं. तिथे वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढावं लागतं. गुरुजींनी गावातूनच काढून ठेवलं होतं, नाहीतर खजिनदाराने ते होऊ दिलं नसतं. ‘बटाटे खाणारे’ या १८८५ च्या चित्रापुढे मात्र मंडळी थांबतात, कारण बटाटेवाला हलेना. अंधारी खोली, वर दिवा, भोवती पाच माणसं, मध्ये वाफाळणारं ताट. व्हॅन गॉग तेव्हा नुएनेन या खेड्यात राहत होता आणि ज्या हातांनी जमीन उकरली तेच हात ताटात जाताना त्याला दाखवायचे होते. गुरुजी हे सांगत असतात, पण बटाटेवाल्याचं लक्ष हातांकडे नाही.

"गोल्टी खाताय बघा," तो म्हणतो. "मोठा माल बाजारात गेला."

सातगाव पठारावर पावसाच्या भरवशावर बटाटा होतो, बेणं पंजाबातून मंचरला येतं, आणि निवड झाली की विकण्याजोगं गोणीत जातं, बारकं घरी उरतं. हे त्याला कुणी चित्र काढून सांगायची गरज नव्हती. या चित्रावर जगभर बरंच लिहून आलंय. ताटातल्या बटाट्याच्या आकाराबद्दल इतक्या अधिकाराने बोलणारा मात्र विरळा. खजिनदार डायरीत म्युझियमच्या आकड्यापुढे बारीक टिक करतो. पैसे वसूल झाल्याची ती खूण.

दुपारी खरेदी. तरंगत्या फुलबाजारात एकाला ट्यूलिपचे कांदे घ्यायचे असतात. आदल्या दिवशी आल्समेरचा फुलांचा लिलाव बघून तो भारावलेला आहे. तिथे घड्याळ वरच्या भावापासून खाली येतं आणि जो पहिला बटण दाबेल त्याचा माल. (खजिनदाराचा अभिप्राय: "आपल्याकडं भाव पाडायला घड्याळ लागत नाय.") ट्यूलिपच्या कांद्यांना मात्र त्याचा सक्त विरोध. एक तर भारतात रोपवर्गीय माल न्यायचा तर परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, हे द्राक्ष निर्यात करणाऱ्याला सांगायला नको. दुसरं कारण जास्त वजनदार आहे. "मे महिन्यात आपला कांदा चाळीत टिकत नाय, ह्यो काय टिकणार?" गुरुजी भर घालतात की १६३७ च्या फेब्रुवारीत याच कांद्याचे भाव इतके कोसळले की तालेवार लोक गोत्यात आले. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, उपासमारीत, डच लोकांनी हेच कांदे शिजवून खाल्ले. कांदा उत्पादकांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी उमटतं. लाकडी ट्यूलिप घेतले जातात.

सुपरमार्केटात तर तो एकदम थंडावतो. फळांच्या फडताळात पांढऱ्या द्राक्षांचे अर्ध्या किलोचे डबे, लेबलावर भारत. किंमत तीन युरोच्या आसपास. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर याच युरोपात अडकले होते, तेव्हा बागायतदारांचे किती रक्तदाब वाढले ते या चौघांना माहीत आहे. तो डबा हातात घेतो, उलटा करतो, मणी दाबून बघतो, देठ हिरवा आहे का बघतो. किलोला सहाशे. बागेत ऐंशी-नव्वद मिळाले तर लोक पेढे वाटतात. डायरी उघडली जाईल असं सगळ्यांना वाटतं, पण तो डबा परत ठेवतो आणि एवढंच म्हणतो, "पॅकिंग चांगलंय."

मग त्याचा त्या दिवसातला सर्वात मोठा उद्योग. नेदरलँड्समध्ये पाण्याच्या छोट्या प्लॅस्टिक बाटलीवर १५ सेंट अनामत असते. बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की पावती मिळते आणि ती काउंटरवर वटते. हे त्याला पहिल्या दिवशी कळलं आणि त्याच क्षणापासून त्याने एकही बाटली कुणाला फेकू दिली नाही. तेवीस बाटल्या साठल्या आहेत. गुरुजींची कापडी पिशवी त्यासाठी जप्त झालेली आहे. यंत्रापुढे उभा राहून तो एकेक बाटली आत सोडतो, आकडा वर चढताना बघतो, मागे डच म्हातारी तिच्या बाटल्या घेऊन शांतपणे थांबलेली. तीन युरो पंचेचाळीस सेंट. पडद्यावर दोन बटणं येतात, दोन्हींवर डच मजकूर. तो हिरवं दाबतो.

पावती येत नाही. म्हातारी हसून त्याचा हात हातात घेते आणि काहीतरी कौतुकाचं बोलते. गुरुजी फोनवर भाषांतर बघतात. रक्कम धर्मादाय संस्थेला गेलेली असते.

विमानतळावर कराचा परतावा. एकाच दुकानातून एकाच दिवशी किमान ५० युरोंची खरेदी असेल तर डच कर परत मिळतो, म्हणून सहाजणांचं चीज, चॉकलेट आणि सुऱ्या त्याने एकाच्या पासपोर्टवर एकाच बिलात बसवल्या होत्या. कस्टमचा अधिकारी वस्तू दाखवा म्हणतो, आणि वस्तू सहा बॅगांत विभागलेल्या. तिथल्या फरशीवर सहा बॅगा उघडतात, मासवडीच्या आठवणीने आणलेला आणि न संपलेला बेसनाचा डबा बाहेर येतो, शेंगदाण्याची चटणी अधिकाऱ्याच्या नाकापर्यंत पोहोचते. शिक्का मिळतो. किती मिळाले हे विचारायचं नसतं. मिळाले हे महत्त्वाचं.

गेटपाशी हिशोबाचं वाचन सुरू होतं. प्रवास, राहणं, जेवण, कॉफी (भाव चढलेल्या दोन दिवशी), स्वच्छतागृह, आणि मग एक ओळ: दानधर्म, ३.४५.

"हे काय?"

"बाटल्यांचे."

"दान कॉमनमधून कसं? सगळ्यांना विचारलं होतं का?"

"ठराव कुठंय?"

यात्रेचा हिशोब मारुतीच्या देवळात वाचताना असा प्रश्न आला तर काय करायचं ते त्याला ठाऊक आहे. तो डायरी मिटून उभा राहतो. सूचक कोण? बटाटेवाला. अनुमोदक? द्राक्षवाल्यांपैकी एक, नाखुशीने. गुरुजींचं म्हणणं की इरिलाने निदान नाव कोरून घेतलं होतं, आपलं नाव कुठं आहे. ते विरोधी मत म्हणून नोंदलं जातं. मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत. पाच हात वर होतात. काउंटरवरच्या मुलीला वाटतं यांना काही मदत हवी आहे. ती लगबगीने येते आणि या, तुम्ही आधी चढा, अशी खूण करते.

"थांब बाई," खजिनदार मराठीत सांगतो, "शिल्लक वाचायची राहिलीय."