नवलेखकाने संमेलनाला कसे जावे

पहिलं पुस्तक छापून आलं की मराठी लेखकाला दोन इच्छा होतात. ते कुणीतरी वाचावं, ही एक; आणि आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला जावं, ही दुसरी. पहिलीच्या बाबतीत करण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे तो दुसरीच्या तयारीला लागतो. नवा झब्बा येतो, प्रतिनिधी शुल्क भरलं जातं, खांद्यावरच्या पिशवीत स्वतःच्या पुस्तकाच्या मावतील तेवढ्या प्रती कोंबल्या जातात आणि कविकट्ट्यावर नाव लागावं म्हणून ओळखीपाळखीच्यांना फोन होतात. तयारी चोख असते. तीत दोष एवढाच, की हा माणूस बोलायला निघालेला असतो. संमेलनाला बोलायला जाणं म्हणजे कोल्हापूरला गूळ विकायला जाणं. तिथे कवी मुबलक, वक्ते मुबलक, अध्यक्ष तर पावलोपावली: संमेलनाचा एक, स्वागत समितीचा एक, प्रत्येक परिसंवादाचा एक, शिवाय माजी वेगळे. टंचाई असते ती फक्त श्रोत्याची. म्हणून पहिल्यांदा संमेलनाला जाणाऱ्या लेखकाने श्रोता म्हणून जावं, असं या मार्गदर्शनाचं प्रतिपादन आहे. यात विनयाचा काही संबंध नाही. पुढेमागे कुणी आपलं पुस्तक उघडावं असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी उपलब्ध मार्गांपैकी हा सर्वांत स्वस्त आहे, इतकंच.

टंचाईची गोष्ट कुणाला अतिशयोक्त वाटत असेल तर त्याने कविकट्ट्याचा हिशेब मांडून पाहावा. निमंत्रितांचं कविसंमेलन मुख्य मंडपात होतं. ज्यांना निमंत्रण नाही त्यांच्यासाठी कविकट्टा. प्रत्येकाला एक कविता आणि मोजकी मिनिटं. समोरच्या खुर्च्यांवर बसलेले कोण, तर ज्यांचा नंबर यायचाय ते. कवी कविता वाचतो, प्रमाणपत्र घेतो, फोटो नीट आला का ते मोबाइलमध्ये बघतो आणि चहाला निघून जातो. म्हणजे दर कवितेमागे एक श्रोता गळतो. चाळीस जणांची यादी धरली तर पहिल्या कवीला एकोणचाळीस जण ऐकतात आणि चाळिसाव्याला सूत्रसंचालक आणि साउंडवाला. त्यातही सूत्रसंचालकाच्या खिशात स्वतःची कविता असते, ती तो दोन-दोन ओळींनी दिवसभर उरकत आलेला असतो. आणि साउंडवाल्याला वायरी गुंडाळायच्या असतात म्हणून तो थांबलेला असतो. अशा वेळी शेवटपर्यंत बसलेला एक नवलेखक त्या चाळिसाव्या कवीच्या कायमचा लक्षात राहतो. मात्र नुसतं बसून भागत नाही, दाद द्यावी लागते, आणि तिचीही वेळ असते. कवीने ओळ दुसऱ्यांदा म्हटली की तिथे ‘वा’ अपेक्षित आहे असं समजावं. ती आली नाही तर तो तीच ओळ तिसऱ्यांदा म्हणतो. वेळेवर दिलेल्या दादेने संमेलनाचा किती वेळ वाचेल, याचा विचार आयोजकांनी अजून केलेला दिसत नाही.

परिसंवादाची स्थिती वेगळी नाही. विषयाच्या नावात किमान एक ‘आणि’ व एक प्रश्नचिन्ह असतं; व्यासपीठावर अध्यक्ष, पाच-सहा वक्ते आणि निवेदक. वक्त्याला दहा मिनिटं मिळतात, त्यातली पहिली तीन व्यासपीठावरच्यांची नावं घेण्यात जातात. मग अध्यक्षांची चिठ्ठी येते. वक्ता ती वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि ‘शेवटचा एकच मुद्दा’ म्हणून नव्याने सुरुवात करतो. उद्घाटनाला मंत्र्यांसाठी मांडलेले सोफे आता रिकामे असतात. मागच्या खुर्च्यांवर असतात पुढच्या परिसंवादाचे वक्ते, चालू वक्त्यांचे नातेवाईक आणि पंख्याखाली टेकलेले. श्रोते मिळवण्याचा खात्रीचा उपाय एकदाच सापडला आहे. २०२५ साली दिल्लीच्या ९८व्या संमेलनासाठी पुण्याहून खास रेल्वे सुटली आणि तिच्या डब्यांतच फिरतं संमेलन झालं. गाडी धावत असताना श्रोत्याला उठून जाता येत नाही. पुणं सुटलं की थेट दिल्लीपर्यंत रसिकांचा प्रतिसाद अभूतपूर्व मिळणारच.

हे पूर्वीपासून असंच होतं का? तर नसावं. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली, तिला आपण पहिलं संमेलन म्हणतो. दुसरं भरायला सात वर्षं लागली, १८८५ साल उजाडलं. आणि तिसरं साताऱ्याला भरलं ते थेट १९०५ साली. मधली वीस वर्षं मराठी लेखकांचं कुणाला काही सांगायचं अडलं नाही असं दिसतं. आता तेच सातारा २०२६च्या जानेवारीत ९९व्या संमेलनाचं यजमान झालं, आणि विद्रोही, दलित, ग्रामीण, बाल, जिल्हा, तालुका अशी संमेलनं मोजायला बसलं तर वर्षाचे आठवडे पुरायचे नाहीत. लिहिणारे वाढले, व्यासपीठं वाढली, हे चांगलंच झालं. ज्यांना पूर्वी मंडपाच्या दारातही उभं केलं गेलं नसतं ते आज माइकवर आहेत. या वाढीला नाकं मुरडणाऱ्यांचं इथे काही ऐकून घ्यायचं नाही. पण ऐकणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत, हेही तितकंच खरं.

आता पहिला आक्षेप. ‘मी नुसतं ऐकत बसलो तर माझं पुस्तक विकायचं कुणी?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून ग्रंथप्रदर्शनात थोडं रेंगाळू. संमेलनातलं सर्वांत जिवंत ठिकाण हेच. मंडपात खुर्च्या रिकाम्या असल्या तरी गाळ्यांमधून चालायला वाट नसते. शिक्षक दांपत्य शाळेच्या ग्रंथालयाची यादी घेऊन आलेलं असतं, एखादी आजी ‘मृत्युंजय’ची किंमत विचारून पिशवीचा बंद सोडत असते, स्पर्धा परीक्षेची मुलं एका कोपऱ्यात दाटलेली असतात. हे लोक ठरवून आलेले असतात आणि त्यांच्या यादीत नवलेखकाचं नाव नसतं. इथे नवलेखक एक हमखास हालचाल करतो. प्रकाशकाच्या गाळ्यावर येतो, आपलं पुस्तक ढिगाच्या तळाशी सापडलं की इकडेतिकडे बघत ते वर काढून ठेवतो आणि दुसरीच पुस्तकं चाळत उभा राहतो. गल्ल्यावरचा पोरगा सगळं बघत असतो. त्याने सकाळपासून असे बरेच पाहिलेले असतात. लेखक वळला की तो पुस्तक पुन्हा खाली सरकवतो, कारण त्याला वरची जागा खपणाऱ्या मालासाठी हवी असते. त्या पोराशी वाद घालू नये. उलट स्टुल ओढून त्याच्या शेजारी बसावं आणि गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐकावं. ‘याच्यात गोष्ट आहे का?’, ‘अक्षर मोठं आहे का?’, ‘लेखक आपल्याकडचाच का?’ असे प्रश्न येतात. मराठी वाचकाविषयीची इतकी नेमकी माहिती मुख्य मंडपातल्या कुठल्याच परिसंवादात मिळत नाही. बक्कळ विक्रीच्या बातम्या येतात त्या याच गर्दीच्या जोरावर, आणि प्रकाशकांना तिची किंमत पुरती ठाऊक असते. २०१५चं संमेलन पंजाबात घुमानला भरवायचं ठरलं तेव्हा तिथे मराठी पुस्तक घेणार कोण, असं म्हणत त्यांनी बहिष्काराची भाषा केली होती. संत नामदेवांच्या कर्मभूमीविषयी आदर सगळ्यांनाच होता, पण पुस्तकांचे गठ्ठे इतक्या लांब वाहून न्यायचे तर समोर वाचक हवा, हा त्यांचा मुद्दा खोडून काढणं अवघड होतं.

पिशवीतल्या प्रतींचं काय करावं, हाही याच आक्षेपाचा भाग. नवलेखकाचा कल ओळख होताच ‘सप्रेम भेट’ लिहून प्रत हातात ठेवण्याकडे असतो. समोरचाही लेखक असल्याने तोही आपली प्रत काढतो. संध्याकाळपर्यंत पिशवीचं वजन तेवढंच राहतं, फक्त कवी बदललेले असतात. यात दोघांचंही पुस्तक वाचलं जात नाही, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचा अभिप्राय हवा असतो आणि कुणालाच द्यायचा नसतो. यावर उपाय असा, की आपली प्रत काढायचीच नाही. समोरच्याचं पुस्तक घ्यावं, जमल्यास विकत घ्यावं, त्यातलं एखादं पान तिथेच वाचावं आणि त्यावर एक प्रश्न विचारावा. विकत घेतलेल्या पुस्तकावर प्रश्न विचारणारा माणूस संमेलनात इतका दुर्मीळ, की लेखक आधी संशयाने बघतो. खात्री पटली की मग स्वतःहून विचारतो, ‘तुमचं काही आहे का?’ प्रत काढायची ती तेव्हा.

दुसरा आक्षेप तात्त्विक आहे, आणि तो घेणारे बहुधा बिल्ला छातीला लावूनच घेतात. ‘मोठे लेखक संमेलनाला जातच नाहीत; मग मी का जावं?’ हा पुरावा तपासून घेतलेला बरा. मराठीला ज्ञानपीठ मिळवून देणारे चार: खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे. पहिले दोघे संमेलनाध्यक्ष झाले, पुढचे दोघे झाले नाहीत. सामना बरोबरीत सुटतो. राहिला बहिष्कार. १८८५ साली रानड्यांच्या निमंत्रणाला महात्मा फुल्यांनी पत्राने नकार दिला, तो आजही वाचला जातो. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या मनाला शिवत नाही त्यांच्या सभांचा आणि ग्रंथांचा आमच्याशी मेळ बसत नाही, असा त्याचा रोख होता. त्या नकाराच्या पाठीशी शाळा होत्या, सत्यशोधक समाज होता, स्वतःची ग्रंथरचना होती. १९९९ साली धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन भरलं तेही नुसतं रुसून बसण्यासाठी नव्हे. त्यांनी आपला मंडप घातला आणि आपले श्रोते जमवले. न जाण्याला वजन यायचं तर आपल्या गैरहजेरीने एखादी खुर्ची रिकामी दिसायला हवी. नवलेखकाची खुर्ची आधीच रिकाम्या खुर्च्यांत असते, तेव्हा त्याचा बहिष्कार कुणाच्या ध्यानात येणार? त्याने जावं, आणि ती खुर्ची भरावी.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर. ‘संमेलनाच्या इतिहासात जे काही उरलं ते बोलणाऱ्यांमुळे, ऐकणाऱ्यांमुळे नव्हे.’ याला दाखला म्हणून १९७५चं कऱ्हाड पुढे केलं जातं, आणि तो दाखला खरा आहे. जूनमध्ये आणीबाणी लागली होती. डिसेंबरात दुर्गा भागवत अध्यक्षपदावरून लेखकाच्या स्वातंत्र्याविषयी बोलल्या. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे ज्या सरकारने ती आणीबाणी आणली त्याच सरकारातले मंत्री. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. पण त्या मंडपाचं चित्र नीट पाहिलं तर आक्षेप उलटतो. त्या बोलण्याला धार आली ती समोर ते कान देऊन ऐकणारी माणसं होती म्हणून. सत्तेतला माणूस यजमान असूनही त्याला ते ऐकावं लागलं म्हणून. तेच शब्द पुढच्या सत्राच्या वक्त्यांसमोर उच्चारले असते तर चिठ्ठी आली असती. शिवाय नवलेखकाला एवढंच सांगायचं, की तो दुर्गा भागवत नाही, आणि कविकट्ट्यावर त्याला मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत ते होणं शक्य नाही.

बाकीच्या बाबी चटकन उरकू. ग्रंथदिंडीत पालखीजवळ घुसू नये, तिथे कॅमेरे असतात आणि कॅमेऱ्यांजवळ स्थानिक पुढारी. लेझीमवाल्या पोरींच्या मागे चालावं, वारा लागतो. जेवणाच्या रांगेत साहित्यावर मत देऊ नये, कारण पुढचा माणूस समीक्षक निघाला तर भाजी संपेपर्यंत बोलतो. निवासाची खोली चौघांत असेल तर दोघे कवी निघणार हे धरून चालावं आणि कानाला मफलर बांधावा. इथे मात्र ऐकण्याचा नियम शिथिल आहे. अध्यक्षीय भाषणाची छापील प्रत आधीच मिळते, तरी भाषण ऐकावं. हजारभर मतदार अध्यक्ष निवडत होते तेव्हा उमेदवारांना गावोगाव हिंडून किती मतदारांच्या कविता ऐकाव्या लागल्या असतील, याची कल्पना करवत नाही. यवतमाळच्या २०१९च्या संमेलनापासून निवडणूक गेली, सन्मानाने निवड सुरू झाली, आणि अरुणा ढेरे पहिल्यांदा तशा अध्यक्ष झाल्या. लेखकांची दगदग वाचली, पण त्यासोबत कवितांचा एक हक्काचा श्रोताही गेला.

खुल्या अधिवेशनाला मात्र जरूर बसावं. तिथे ठराव वाचले जातात, हात वर होतात आणि सीमाभाग महाराष्ट्रात यावा हा ठराव पुन्हा एकदा एकमताने संमत होतो. मराठीला अभिजात दर्जा मिळावा, हा ठराव वर्षानुवर्षं असाच मंजूर होत असे. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्राने तो दर्जा देऊन टाकला आणि यादीत एक जागा मोकळी झाली. तिथे श्रोत्यांविषयीचा ठराव कुणी मांडेल अशी आशा आहे.

शेवटचा आक्षेप एखादा हिशेबी वाचक घेईल: सगळ्याच नवलेखकांनी हे मार्गदर्शन पाळलं, तर श्रोत्यांचा सुकाळ होईल आणि त्यांचा भाव पडेल. तत्त्वतः हे बरोबर आहे. पण पुढच्या संमेलनाच्या कविकट्ट्याची नोंदणी खुली झाली की यादी किती दिवसांत भरते, ते त्याने आधी चौकशी करून बघावं.