आमचे दोनशे तास

“आमचे एकशे बारा झाले,” अण्णा जिन्यात म्हणाले.

मला वाटलं, साखर. त्यांच्या वयाला शोभेल असाच आकडा होता. “जेवणाआधीची का?” मी विचारलं.

“तास हो, तास! फ्लाइंगचे!”

अण्णा अजून विमानात बसलेलेसुद्धा नाहीत. विमान चालवते त्यांची धाकटी, चिमी. ती इथून रात्रभराच्या प्रवासावर एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकत होती. पण तास अण्णांच्या नावावर जमा व्हायचे. “यंदा आमची दहावी आहे” म्हणणाऱ्या आया घरोघरी असतात, अण्णा त्यांच्या चार पावलं पुढे. “आमचं मेडिकल झालं.” “आमचा मेटचा पेपर निघाला.” आणि डोळे चोळत, “सध्या आमचं नाइट फ्लाइंग चालू आहे, झोप होत नाही.” हे शेवटचं अगदी खरं होतं. पोरगी रात्री विमान उडवायची आणि ती उतरल्याचा मेसेज येईपर्यंत हे धायरीत पंख्याकडे बघत पडायचे.

अण्णांची सगळी नोकरी एस.टी.त गेली. वाहक म्हणून लागले, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. स्वारगेटच्या भोंग्यातून ‘सातारा, कराड, कोल्हापूरकडे जाणारी गाडी’ ज्या सुरात लागते, तो सूर त्यांच्या गळ्यातून अजून गेलेला नाही. वहिनींना ते चहासुद्धा त्याच सुरात मागतात. त्यामुळे पोरीने पायलट व्हायचं म्हटल्यावर अण्णा दचकले नाहीत. त्यांच्या हिशेबी ही खात्यांतर्गत बदली होती.

फ्लाइंग स्कूल निवडताना त्यांनी एस.टी.चं वेळापत्रक काढलं. बारामती सगळ्यांत सोयीची. धुळ्याला रातराणी. शिरपूरला जायचं तर धुळ्याहून पुढे. जळगावला रेल्वे बरी. गोंदियाला महाराष्ट्र एक्सप्रेस, पण डबा दोन वेळचा लागणार. विमानं किती, शिकवणारे किती, पोरं किती, हे प्रश्न चिमीने विचारले. चिमीच्या स्कूलचं नाव मी मुद्दामच घेत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल अण्णांचे दोन शब्द येणार आहेत.

सोसायटीतला कुठलाही मुलगा जरा उंच झाला की अण्णा त्याला पार्किंगमध्ये गाठतात. “बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे ना? सोडू नकोस. कॉमर्स? हरकत नाही, ओपन स्कूलमधून ते दोन विषय काढता येतात.” मग आवाज खाली आणून, आजूबाजूला पाहून, गुरुमंत्र: “आधी क्लास टू, मग क्लास वन, मग फी. उलटं केलं की बुडालास.” हे मेडिकलचे दोन टप्पे. पाचवीतली पोरं याचा अर्थ शाळेशी लावतात आणि घाबरून घरी जातात. पण सल्ला सोळा आणे खरा आहे. लाखांनी पैसे भरून मोकळे झाल्यावर डोळ्यांत किंवा कानांत काही निघालेली उदाहरणं अण्णांना तोंडपाठ आहेत.

याच मेडिकलपायी एक प्रकरण झालं. रंग ओळखण्याच्या चाचणीची ती ठिपक्या-ठिपक्यांची चित्रं असतात ना, इशिहाराची, ती अण्णांनी मोबाइलवर उतरवून घेतली आणि गणपतीत मांडवाशेजारी खुर्ची टाकून पोरांची तपासणी सुरू केली. तासाभरात चार पोरं ‘अनफिट’. एकाच्या आईने रडायला सुरुवात केली. मी गेलो. अण्णांनी मोबाइल पुढे धरला.

“चौऱ्याहत्तर,” मी म्हणालो.

“पाचवे तुम्ही,” अण्णा हळहळून म्हणाले. “एकवीस आहे ते.”

वहिनी आरतीचं ताट घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी डोकावून पाहिलं. “चौऱ्याहत्तरच आहे,” त्या म्हणाल्या, आणि मग सावकाश, तीस वर्षांची गाठ सुटावी तशा, “म्हणून तुम्ही दर वेळी पिकलेले सोडून हिरवे टोमॅटो आणता होय!”

लाल-हिरव्याचा घोळ असलेल्या माणसाला त्या चित्रात एकवीसच दिसतो. अण्णा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी उत्साहाने वर आले. डॉक्टरांना विचारून आले होते. बापाचा हा दोष मुलीला फक्त दिला जातो, आईकडूनही आला नाही तर तो तिच्यात उतरत नाही. उतरलाच तर तिच्या मुलांत. “म्हणजे आम्ही क्लिअर!” अण्णा म्हणाले. ‘आम्ही’ या शब्दाचा इतका ताणलेला उपयोग मी पूर्वी ऐकला नव्हता.

पेपरांच्या काळात घराचं गुरुकुल झालं. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. प्रत्येकाला सत्तर टक्के, एकोणसत्तरला नापास. हवामानासाठी आय. सी. जोशींचं पुस्तक आणि नियमांसाठी आर. के. बालींचं, ही दोन पुस्तकं या वाटेवरच्या बहुतेक पोरांच्या उशाशी असतात. अण्णांनी जोशी पोथीसारखे वाचले. रोज आंघोळ झाल्यावर एक अध्याय. बोलण्यात सारखं “जोशी म्हणतात, असे ढग असले की लांब राहावं,” “जोशींचं म्हणणं, पहाटे धोका जास्त.” वहिनींच्या भिशीतल्या बायकांनी शेवटी या जोशींचा पत्ता विचारला. एकीला मुलाची पत्रिका दाखवायची होती.

रेडिओवर बोलण्याच्या परीक्षेची पोरांना खरी धास्ती. ती तयारी अण्णांनी अंगावर घेतली. चिमी बेडरूममध्ये विमान, अण्णा स्वयंपाकघरात कंट्रोल टॉवर. तिने अचूक इंग्रजीत उतरण्याची परवानगी मागायची, आणि अण्णांनी “क्लिअर्ड टू लँड, रनवे टू सेव्हन” अशा सुरात म्हणायचं की शेजारच्या आजी पिशवी उचलून उभ्या राहाव्यात. ऐकलेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, हा तिथला नियम. तो अण्णांनी संसाराला लावला. वहिनी म्हणणार, “कोथिंबीर, आलं, अर्धा लिटर दूध.” अण्णा दारात उभे राहून म्हणणार, “कोथिंबीर, आलं, अर्धा लिटर दूध, रॉजर.” वहिनी म्हणणार, “रॉजर राहू दे, पिशवी घ्या.”

धावपट्टीचा आकडा म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून. पूर्वेकडे नव्वद, म्हणून नऊ. पश्चिमेकडे दोनशे सत्तर, म्हणून सत्तावीस. आमची गल्ली पूर्व-पश्चिम आहे. तेव्हापासून सिलिंडरवाल्याला अण्णा फोनवर सांगतात, “सत्तावीसकडून या, नऊकडे खोदलंय.” तो बिचारा सत्तावीस नंबरचं घर शोधत फिरतो.

आणि वेळ. विमानाचं जग ग्रीनिचच्या घड्याळावर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. अण्णांच्या डाव्या मनगटावर आपली वेळ, उजव्यावर ती. भाच्याच्या लग्नाला आम्ही त्यांच्याबरोबर निघालो आणि मुहूर्त टळल्यावर पोचलो. अण्णांनी चुकीचा हात पाहिला होता.

सकाळी ते गच्चीवर. उघड्या डोळ्यांनी उडवायचं तर पाच किलोमीटर दिसायला हवं. अण्णा सिंहगडावरचा दूरदर्शनचा टॉवर शोधतात. वहिनींच्या वाळत घातलेल्या साडीवरून वाऱ्याची दिशा ठरते. “वारा कुठे जातो ते नाही, कुठून येतो ते सांगायचं असतं,” हे मला त्यांनी किमान वीसदा सांगितलं असेल. मग फोन: “चिमे, आज छान आहे बरं का, उडून घे.” पोरगी साडेतीनशे किलोमीटरवर, तिथे धो-धो पाऊस. “हो अण्णा,” ती म्हणते. फार गुणी मुलगी आहे.

लायसन्सला लागणारे दोनशे तास म्हणजे नुसते दोनशे नव्हेत. शंभर स्वतः मुख्य वैमानिक म्हणून. त्यात वीस गाव सोडून लांबचे, आणि त्यातली एक फेरी तीनशे सागरी मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे पाच तास, दहा वेळा चढणं-उतरणं. हे सगळं चिमीच्या लॉगबुकात असतंच, पण अण्णांकडे त्याची दुसरी प्रत, एस.टी.च्या लॉगशीटसारख्या रेघा मारलेल्या दोनशे पानी वहीत. एकदा स्कूलची दोन विमानं दुरुस्तीला गेली आणि पंधरा दिवस वहीत काही चढलं नाही. “गाडी बंद पडली तर आम्ही बदली गाडी देत होतो,” अण्णा एवढंच बोलले. हेच ते दोन शब्द. गावाकडची सव्वा एकर गेली होती, राहत्या घरावर बँकेचा बोजा होता, आणि बँकेचं व्याज दुरुस्तीसाठी थांबत नाही. जमिनीबद्दल कुणी हळहळलं की ते म्हणत, “खाली होती, आता वर गेली.” पण त्या पंधरवड्यात ते मंडईत चालत जात होते. जाऊन-येऊन चाळीस रुपये वाचतात म्हणाले.

पहिल्या सोलोचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. त्या दिवशी उतरल्यावर इन्स्ट्रक्टर काही न बोलता पट्टा सोडून बाहेर पडला, दार लावलं आणि अंगठा दाखवला. शेजारची खुर्ची रिकामी. एक चक्कर, आठ-दहा मिनिटांची. उतरल्यावर रिवाजाप्रमाणे मित्रांनी तिच्यावर बादल्या ओतल्या. अण्णांनी “हं” म्हणून फोन ठेवला. दहा मिनिटांनी मोरीतून धबाधबा आवाज आला. बाहेर आले ते शर्ट-पँटसकट भिजलेले.

“अहो, हे काय!”

“रिवाज आहे,” अण्णा म्हणाले. डोळे पुसण्याची मग वेगळी गरज राहिली नाही.

हॉलमध्ये त्यांनी जे.आर.डी. टाटांचा फोटो लावलाय, शेजारी एस.टी.च्या जुन्या गाडीचा. १० फेब्रुवारी १९२९ ला जे.आर.डी.ना भारतातलं पहिलं लायसन्स मिळालं; १ जून १९४८ ला नगर-पुणे पहिली एस.टी. सुटली. दोन्ही दिवशी हार. हार दोन्हींना, नाहीतर खात्याला वाईट वाटेल.

आता लायसन्स हातात आहे आणि पुढचा डोंगर समोर. विशिष्ट जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, त्याचे पुन्हा लाखो. अण्णा समजावतात, “लेलँड चालवता येते म्हणून टाटा हातात देत नाहीत. एअरबसचं वेगळं, बोइंगचं वेगळं.” पंधराशे तास झाल्याशिवाय कॅप्टनच्या लायसन्सचं नाव काढायचं नाही. “मग नोकरी कधी?” असं कुणी विचारलं की मात्र अण्णांना गच्चीवर काम आठवतं. जागा निघतात, शेकड्यांनी पोरं येतात, परीक्षा, मुलाखती, मग शांतता. या वाटेवरची ही शांतता कुठल्याच पुस्तकात नाही, जोशींच्याही.

परवा चिमीला दिल्लीच्या एका मुलाखतीसाठी मुंबईहून सकाळची गाडी धरायची होती. तिला सोडायला आम्ही स्वारगेटला गेलो. खांद्यावर सॅक, सॅकमध्ये ते जाड लॉगबुक. एस.टी. फलाटाला लागली. अण्णांनी जुन्या ओळखीने चालकाच्या खिडकीशी जाऊन काहीतरी सांगितलं. चालकाने वाकून मागे बघितलं, चिमी लाजून खिडकीआड झाली.

“काय सांगितलंत?”

“पायलट बसलीय म्हटलं, जरा नीट चालवा.”

घंटी झाली. गाडी मागे आली, वळली, फाटकातून बाहेर पडली. अण्णांनी खिशातून वही काढली, या वेळी न चुकता उजवं मनगट पाहिलं. स्टँडच्या घड्याळात रात्रीचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अण्णांनी लिहिलं, ‘स्वारगेट, १६:४०’.