मौनव्रती मोटारसाहेबांस अनावृत पत्र

सकलगुणालंकृत, धूम्रविवर्जित, अखंडमौनव्रतधारी श्रीमंत विद्युत्-मोटारसाहेब यांचे सेवेशी,

सा. न. वि. वि.

आपण आमच्या शहरात पायधूळ झाडल्यापासून आपल्या गुणांचे पोवाडे इतक्या शाहिरांनी गायिले आहेत की, त्यांत आणखी एकाची भर घालणे अनावश्यक ठरावे. तथापि त्या सर्वांना आपले रूप डोळे भरून पाहता आले होते, आणि प्रस्तुत अर्जदाराला ते भाग्य जन्मतःच नाकारलेले असल्यामुळे, केवळ कानांच्या साक्षीवर आपली थोरवी वर्णिण्याचे धाडस तो करीत आहे. ती साक्षही, सांगावयास संकोच वाटतो, अगदीच कोरी आहे. आपण आलात, ते ऐकू आले नाही. गेलात, तेही ऐकू आले नाही. मधल्या क्षणात जे घडावयाचे राहिले, ते आपल्या चालकाच्या आणि माझ्या पूर्वजांच्या संयुक्त पुण्याईने राहिले.

मौनाचे माहात्म्य आम्हांस ठाऊक नाही असे नाही. ज्या नगरात भोंगा वाजविल्यावाचून गाडी पुढे सरकतच नाही अशी चालकमात्राची दृढ श्रद्धा आहे, जेथे ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ असे लेखी निमंत्रण रंगविलेले असते आणि जेथे वरातीतल्या ध्वनिवर्धकांपुढे देवळातल्या घंटेनेही हार खाल्ली आहे, तेथे एका यंत्राने वाणीचा संयम पाळावा ही गोष्ट वंदनीयच म्हटली पाहिजे. अडचण इतकीच, की ज्यांनी गप्प बसावे ते सर्व येथे बोलत आहेत, आणि ज्यांनी दोन शब्द बोलावेत ते आपण तेवढे गप्प आहात. भोंगा हा हुकूम असतो. ‘बाजूला हो’ एवढेच तो फर्मावतो, आणि कोणत्या बाजूला व किती त्वरेने, याचा खुलासा करणे आपल्या इतमामास कमीपणा आणणारे समजतो. चालत्या इंजिनाची घरघर ही मात्र खबर होती; वाहन कोठे आहे, केवढे आहे, वेग वाढवीत आहे की आवरीत आहे, याची तपशीलवार हकिकत ती कोणी न मागता सादर करीत असे. आम्हांस हुकमांची टंचाई कधीच नव्हती. खबर तेवढी आपण बंद केलीत.

आमच्या चालण्याची रीत आपल्या कानी कोणी घातली नसेल, म्हणून ती येथे नमूद करतो. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी 1944 च्या सुमारास लांब काठीची जी पद्धत बसविली, ती थोड्याफार फरकाने आज जगभर शिकविली जाते: काठीचे टोक डावी-उजवीकडे कमानीत फिरवीत पुढच्या पावलाची जमीन तपासावयाची. परंतु काठीचा अंमल एक-दोन पावलांपुढे चालत नाही; त्यापलीकडचा सारा मुलूख कानाच्या ताब्यात असतो. चौकाच्या कडेला उभे राहून, आपल्या वाटेला समांतर असलेल्या वाहनांचा ओघ सुटल्याचा नाद ऐकावयाचा, त्यांतले एखादे आपल्याकडे वळत नाही ना याचा अदमास घ्यावयाचा आणि मगच पाऊल उचलावयाचे, हे आमचे वाहतूकशास्त्र. आपण ताशी सुमारे तीस किलोमीटरांच्या पुढे गेलात की चाकांचे घर्षण आणि वाऱ्याची सळसळ आपले व्रत परस्पर मोडतात. पण गल्लीच्या तोंडाशी, वाहनतळाच्या दारात, वळणावर आणि उलटे मागे येताना, म्हणजे पादचारी आणि वाहन जेथे एकमेकांच्या अंगावर येतात नेमक्या त्या जागी, आपण हळू असता, आणि हळू असता म्हणूनच निःशब्द असता.

मोठ्या असामीच्या पुढे चोपदाराने वर्दी द्यावी ही प्रथा आपल्या घराण्याला नवी नाही. इंग्लंडात 1865 च्या कायद्यान्वये रस्त्यावरील यांत्रिक वाहनांपुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे असे बंधन होते. निशाणाची सक्ती पुढे शिथिल झाली, तरी पुढे चालणारा माणूस 1896 पर्यंत कायम होता. लगेच 1897 साली लंडनमध्ये विजेच्या टॅक्सी निघाल्या, आणि त्यांच्या गुणगुणण्यावरून व काळ्या-पिवळ्या रंगावरून लोक त्यांना कौतुकाने ‘हमिंगबर्ड’ म्हणू लागले. म्हणजे आपले थोर पूर्वज निदान गुणगुणत तरी होते. आम्ही लाल निशाणवाला मागत नाही. पगारवाढीचा आणि रजेचा प्रश्न उपस्थित न करणारा एक लहानसा ध्वनिक्षेपक आपल्या पुढच्या अंगात बसविला तरी आमचे काम भागते.

ही मागणी आमच्या विकृत कल्पनाशक्तीची उपज आहे असा समज होऊ नये, म्हणून दाखले देतो. जपान सरकारने 2010 मध्येच याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. अमेरिकेत 2010 चा कायदा झाला, त्याखालील नियम 2016 च्या अखेरीस ठरले आणि त्यांची पूर्ण अंमलबजावणी होण्यास 2021 उजाडले. दिरंगाई ही केवळ आमच्याच दफ्तरांची मिरास नव्हे, हे समजून अर्जदाराचा ऊर अभिमानाने भरून आला. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालील 138 क्रमांकाचा विनियम 2016 पासून अमलात आहे; त्यानुसार ताशी दहा किलोमीटरांना निदान 50 आणि वीस किलोमीटरांना निदान 56 डेसिबल इतका ध्वनी वाहनाने करावा, 75 डेसिबलांची मर्यादा ओलांडू नये, आणि वेगाबरोबर स्वरही बदलावा, म्हणजे ऐकणाऱ्यास गती कळेल. दोन सभ्य गृहस्थ ओसरीवर बसून बोलतात, साधारण तेवढाच हा आवाज. युरोपीय संघाने 2021 च्या जुलैपासून प्रत्येक नव्या विद्युत् व संकरित मोटारीस तो सक्तीचा केला. प्रारंभी चालकाला तो तात्पुरता बंद करण्याची कळ देण्याची मुभा होती. ती कळ कोण, कोठे आणि केव्हा दाबील हे सुज्ञांच्या ध्यानात आल्यावर ती मुभा काढून घेण्यात आली.

आमचे मायबाप सरकारही जागे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2025 च्या सप्टेंबरात मसुदा प्रसिद्ध केला, आणि विजेवर चालणाऱ्या प्रवासी व मालवाहू मोटारींच्या नव्या नमुन्यांना 1 ऑक्टोबर 2026 पासून व चालू नमुन्यांना 1 ऑक्टोबर 2027 पासून असा ध्वनी बंधनकारक करण्याची तजवीज त्यात मांडली. मात्र ही तजवीज चारचाकी मोटारी, बसगाड्या आणि ट्रक यांच्यापुरती आहे. या देशात विजेवर धावणाऱ्या वाहनांत ज्यांची संख्या सर्वाधिक, त्या दुचाक्या आणि तीनचाक्या तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. आपले हे धाकटे बंधू पदपथाला राजमार्ग मानतात, एकेरी रस्त्यावर उलट दिशेने येण्याचा वंशपरंपरागत हक्क बजावतात आणि जेवणाचे डबे थंड होऊ नयेत म्हणून माणसांना ऊब देत जातात. अशांना मौनाची सनद बहाल करणे, आणि जी बसगाडी निदान आपल्या देहभाराने जमीन हादरवून पूर्वसूचना देते तिला गाणे शिकविणे, यामागील तर्क अर्जदाराच्या अल्पमतीस अद्याप आकळलेला नाही.

काही परोपकारी सज्जन आम्हांस सुचवितात की, अंधांनी एकट्याने घराबाहेर पडावेच कशाला? त्यांच्या करुणेस आमचा नमस्कार. 2016 चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा वाहतूक आणि रस्ते आम्हांस सुगम करण्याचे कर्तव्य शासनावर सोपवितो. घरी बसण्याचे कलम त्यात आढळत नाही. दुसरे सज्जन शांततेच्या नावाने गळा काढतात. शांतता आम्हांसही प्रिय आहे, किंबहुना आपणांहून अधिक, कारण गोंगाटाने डोळसाचे फक्त डोके दुखते, आमची तर दिशाच हरवते. म्हणूनच मोठा आवाज आम्ही मागत नाही; ज्याची हालचाल, त्याचीच खूण, आणि तीही मंद गतीपुरतीच, एवढे मागतो. तिचा लाभ शाळकरी मुलांना, ऐकावयास उशीर लागणाऱ्या वृद्धांना आणि हातातल्या पडद्यात दृष्टी पुरून रस्ता ओलांडणाऱ्या त्या असंख्य डोळसांनाही होईल, ज्यांना आपण आंधळे आहोत याची अजून वर्दी मिळालेली नाही.

सबब, अर्जदाराची आपणांस व आपल्या द्वारे हुजुरांस विनंती अशी की, मसुद्याचा नियम करताना दुचाकी व तीनचाकी वाहने त्यात दाखल करावीत. आवाज बंद करण्याची कळ कोणाच्याही हाती देऊ नये. जी वाहने आधीच रस्त्यावर आहेत त्यांनाही हे यंत्र बसविण्यासाठी मुदत घालून द्यावी. आणि तोवर चालकांनी वळणावर व उलटे मागे येताना काच खाली करून, पांढरी काठी दिसताच थांबावे, आणि ‘पुढे जा’ एवढे दोन शब्द तोंडाने बोलावेत. त्यास वीज लागत नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञांकित,
पांढऱ्या काठीचा एक पादचारी